मालवण वर का गेलं? नकाशा, पडदा आणि थ्रीडी यांतल्या अक्षांचा मेळ कसा घालायचा

दाभोळपासून मालवणपर्यंतच्या पाच बंदरांचा एक छोटा नकाशा मी रत्नागिरीत बसून केला होता. ब्राउझरमध्ये उघडणारा, एसव्हीजी या रेषाचित्रांच्या फाइलीतला: पाच ठिपके, त्यांची नावं, किनाऱ्याची रेषा आणि एका बंदराकडून दुसऱ्याकडे सरकणारी होडी. दोन दिवस तो माझ्या डोळ्यांसमोर होता. समुद्र डावीकडे, जमीन उजवीकडे, रत्नागिरी मधोमध, नावं सुलट. सगळं जागच्या जागी वाटत होतं. मग मालवणच्या एका तांडेलकाकांना मोबाईलवर दाखवला. त्यांनी क्षणभर पाहिलं आणि विचारलं, "रे, मालवण वर कित्याक घातलंस?"

नकाशा उभा उलटा झाला होता. दाभोळ तळाशी, मालवण माथ्याशी. मला तो दोन दिवस दिसला नाही याचं कारण आपला किनाराच आहे. कोकणपट्टी जवळजवळ सरळ उत्तर-दक्षिण पसरलेली आहे. तिची वरची बाजू खाली केली तरी समुद्र डावीकडेच राहतो आणि सह्याद्री उजवीकडेच. पूर्व-पश्चिम उलटली असती तर शेंबड्या पोरानेही ओळखलं असतं. उत्तर-दक्षिण उलटली की चूक लपते.

नकाशे, खेळ, ॲनिमेशन, ड्रोनचे फोटो, किल्ल्यांची थ्रीडी मॉडेलं असं काहीही करणाऱ्याला ही चूक कधी ना कधी भेटते. बहुतेक जण ती एकाच पद्धतीने दुरुस्त करतात: कुठेतरी उणे चिन्ह टाकून पाहायचं, जमलं तर पुढे जायचं. मी ही पद्धत कायमची सोडली आहे. दोन चुकीची उणे चिन्हं एकमेकांना झाकतात आणि तिसऱ्या ठिकाणी, तिसऱ्या महिन्यात, उघडी पडतात. त्याऐवजी मी काय करतो ते इथे क्रमाने लिहितो.

आधी भांडण समजून घ्या

शाळेच्या निर्देशक भूमितीत आरंभबिंदू मध्ये असतो, क्ष-अक्ष उजवीकडे वाढतो, य-अक्ष वर वाढतो आणि कोन घड्याळाच्या काट्यांच्या उलट दिशेने मोजतात. रेने देकार्तने १६३७ मध्ये भूमिती आणि बीजगणित यांची सांगड घातली, तिथून ही परंपरा हळूहळू घट्ट होत गेली. (सॉफ्टवेअरमध्ये एक्स, वाय, झेड हीच नावं दिसतात, म्हणून पुढे तीच वापरतो.)

कॉम्प्युटरच्या पडद्यावर आरंभबिंदू डाव्या वरच्या कोपऱ्यात असतो आणि वाय खाली वाढतो. जुन्या काचेच्या नळीच्या पडद्यात इलेक्ट्रॉनचा झोत डावीकडून उजवीकडे एक ओळ रंगवायचा, मग खालची ओळ, मग तिच्या खालची. मेमरीतही चित्र त्याच क्रमाने ठेवलं गेलं. आपण पान लिहितो तेही वरून खालीच. त्यामुळे एसव्हीजी, एचटीएमएल कॅनव्हास, बहुतेक फोटो आणि मोबाईलचे पडदे यांत वाय खाली वाढतो. पण पीडीएफमध्ये आरंभबिंदू डाव्या खालच्या कोपऱ्यात आणि वाय वर. ए-फोर पान तिथे साधारण ५९५ बाय ८४२ पॉइंटांचं असतं आणि शीर्षक माथ्याशी हवं तर वाय ८०० च्या आसपास लिहावा लागतो. एकाच आयफोनवर नेहमीच्या खिडक्यांचा आरंभबिंदू वरच्या कोपऱ्यात, तर त्यांच्या खालच्या चित्रकलेच्या थराचा मुळात खालच्या.

यातलं कुठलंही चूक नाही. प्रत्येक पद्धत आपल्या घरात नीट नांदते. भांडण होतं ते उंबरठ्यावर, आकडे एका घरातून दुसऱ्या घरात जाताना. म्हणून सगळं लक्ष उंबरठ्यावर द्यायचं.

पहिलं काम: वहीत सहा ओळी

कोड लिहिण्यापूर्वी, कामात येणाऱ्या प्रत्येक साधनासाठी आणि प्रत्येक फाइलसाठी मी वहीत सहा उत्तरं लिहितो. आरंभबिंदू कुठे आहे? प्रत्येक अक्ष कुठल्या दिशेने वाढतो? एकक काय: पिक्सेल, मीटर, अंश, पॉइंट? दोन आकड्यांत आधी कोणता येतो? कोनाचं शून्य कुठे आणि तो कुठल्या बाजूने वाढतो? पूर्णांक म्हणजे पिक्सेलचा मध्य की कोपरा?

उत्तर माहीत नसेल तर अंदाज लिहायचा नाही. एक ठिपका टाकून पाहायचा आणि मग लिहायचं. याला दहा मिनिटं लागतात.

त्यानंतर एक घर निवडायचं. माझ्या नकाशाचं घर असं: एक्स पूर्वेला, वाय उत्तरेला, मीटरमध्ये. सगळी गणितं, अंतरं, दिशा, क्षेत्रफळं याच घरात. पडद्याचे आकडे फक्त रंगवण्याच्या शेवटच्या क्षणी तयार होतात आणि माऊसचा क्लिक आत आला की पहिल्याच ओळीत घरच्या आकड्यांत बदलतो. मधल्या कुठल्याही सूत्रात "८०० वजा" (८०० म्हणजे माझ्या चित्राची उंची, पिक्सेलमध्ये) असं दिसलं तर मी थांबतो, कारण उंबरठ्याचं काम कुणीतरी माजघरात करतंय.

पाच बंदरं प्रत्यक्ष मांडू

अक्षांश-रेखांश साधारण असे (दोन दशांश स्थळांपर्यंत, म्हणजे किलोमीटरभराच्या अचूकतेने): दाभोळ १७.५९ उत्तर, ७३.१८ पूर्व, जयगड १७.३०, ७३.२२, रत्नागिरी १६.९९, ७३.३०, विजयदुर्ग १६.५६, ७३.३३, मालवण १६.०६, ७३.४६.

चौकट १६ ते १८ अक्षांश आणि ७३ ते ७४ रेखांश घेऊ. एका अक्षांशाला ४०० पिक्सेल दिले तर उंची ८०० पिक्सेल. रेखांशालाही ४०० देऊन चालणार नाही. आपल्याकडे, १७ अंशांच्या आसपास, एक अंश अक्षांश म्हणजे सुमारे ११०.७ किलोमीटर, तर एक अंश रेखांश सुमारे १०६.५ किलोमीटर. १७ अंशांची कोसाइन ०.९५६ आहे, म्हणून रुंदी ३८२ पिक्सेल. हे विसरलं तर नकाशा आडवा थोडा फुगतो. फरक चार टक्क्यांचा असल्याने डोळ्यांना कळत नाही, पण अंतर मोजलं की कळतं.

आता मालवण. चौकटीच्या तळापासून वर ०.०६ गुणिले ४००, म्हणजे २४. पडद्यावर वरून मोजायचं म्हणून ८०० वजा २४, म्हणजे ७७६. दाभोळ तळापासून ६३६, पडद्यावर १६४. रत्नागिरी तळापासून ३९६, पडद्यावर ४०४.

रत्नागिरीचे आकडे पुन्हा पाहा. ३९६ आणि ४०४. वजाबाकी केली किंवा विसरली, रत्नागिरी फक्त आठ पिक्सेल हलते. मी राहतो तिथला ठिपका तपासून "बरोबर आहे" म्हटलं होतं आणि नेमका तोच ठिपका साक्षीला कुचकामी होता. चाचणीचा बिंदू कधीही चौकटीच्या मध्याजवळ घेऊ नका. दोन बिंदू घ्या, तेही कोपऱ्यांजवळचे आणि एकमेकांपासून दोन्ही दिशांनी लांब. दाभोळ (६९, १६४) आणि मालवण (१७६, ७७६) ही जोडी चांगली आहे. ही उत्तरं आधी कागदावर काढायची, मग पडद्याशी ताडायची. उलट क्रमाने केलं तर डोळे पडद्याची बाजू घेतात.

चित्र तपासायचं असेल तर कोपऱ्यात एक अक्षर ठेवावं. मी देवनागरी 'र' वापरतो. शिरोरेषा वर आहे का ते एका नजरेत कळतं आणि अक्षर आरशात गेलं असेल तर तेही लपत नाही.

पिक्सेल मोजताना एकाचा फरक

वरची वजाबाकी बिंदूंसाठी आहे. चित्राच्या ओळी उलटायच्या असतील तर सूत्र बदलतं. ८०० ओळींच्या चित्रात ओळी शून्यापासून ७९९ पर्यंत असतात, म्हणून नवी ओळ ७९९ वजा जुनी ओळ. इथे ८०० वजा केलं तर शून्याव्या ओळीचं उत्तर ८०० येतं आणि ती ओळ अस्तित्वातच नसते. कधी प्रोग्राम कोसळतो, कधी चित्राच्या कडेला एक काळी रेघ येते, कधी काहीच दिसत नाही आणि सगळं चित्र एका पिक्सेलने सरकलेलं राहतं. रेघेच्या दोन टोकांमधलं अंतर मोजताय की खणांची संख्या मोजताय, एवढाच हा फरक आहे.

अर्ध्या पिक्सेलचा फरक याहून चोरटा. उपग्रहचित्रासोबत सहा ओळींची एक छोटी मजकुराची फाइल येते, जी चित्राला जमिनीवर बसवते. तिची चौथी ओळ बहुधा ऋण असते, कारण चित्राच्या ओळी खाली जातात आणि उत्तर वर. हा आकडा धन दिसला म्हणून "दुरुस्त" करण्याआधी चित्राच्या ओळी कुठून सुरू होतात ते पाहा. पाचवी आणि सहावी ओळ डाव्या वरच्या पिक्सेलच्या मध्याचे निर्देशक सांगतात. जिडॅलसारखी उपग्रहचित्रं हाताळणारी साधनं मात्र आतमध्ये त्याच पिक्सेलचा कोपरा धरतात. एकाचा आकडा दुसऱ्याला जसाच्या तसा दिला की चित्र अर्धा पिक्सेल सरकतं. सेंटिनेल-२ च्या १० मीटरच्या पिक्सेलला ५ मीटर, लँडसॅटच्या ३० मीटरच्या पिक्सेलला १५ मीटर. जुन्या आणि नव्या चित्रांची तुलना करून पुळण किती खचली ते मोजणाऱ्याच्या हाती यातून १५ मीटरची धूप लागेल, जी समुद्राने केलेलीच नाही. किनाऱ्याची धूप हा आपल्याकडे घरादाराचा प्रश्न आहे. असा आकडा अहवालात जाण्याआधी न बदललेली एखादी वस्तू दोन्ही चित्रांत जुळते का ते पाहायलाच हवं: जुनी जेटी, दीपगृह, किल्ल्याचा बुरूज.

आणखी एक सवय लावून घ्या. गणितात आपण आधी एक्स, मग वाय म्हणतो. चित्र आकड्यांच्या तक्त्यात ठेवलं की आधी ओळ येते, मग स्तंभ, म्हणजे आधी वाय, मग एक्स. ओपनसीव्ही या चित्रं हाताळणाऱ्या साधनात बिंदू एका क्रमाने आणि तक्त्यातली जागा दुसऱ्या क्रमाने लिहितात, तेही शेजारशेजारच्या ओळींत. चौरस चित्रावर ही चूक निमूट खपते. म्हणून चाचणीचं चित्र मुद्दाम उभं किंवा आडवं घ्यावं.

दिशा आणि कोन: होडी कुठे वळणार?

माझ्या नकाशातली दुसरी चूक होडीची होती. रत्नागिरीहून मालवणला निघालेली होडी नाक भलतीकडे करून चालली होती.

रत्नागिरीहून मालवण सुमारे १७ किलोमीटर पूर्वेला आणि १०३ किलोमीटर दक्षिणेला आहे. या एकाच रेषेला तीन आकडे आहेत. होकायंत्र उत्तरेला शून्य धरतं आणि घड्याळाच्या दिशेने मोजतं, त्याच्या मते दिशा सुमारे १७१ अंश. गणित पूर्वेला शून्य धरून उलट बाजूने मोजतं, त्याच्या मते उणे ८१. पडद्याचा वाय खाली असल्याने तिथे तीच रेषा अधिक ८१. रेषा एक, नावं तीन.

आपल्या भाषेत याची खूणगाठ आधीच आहे. पूर्व, आग्नेय, दक्षिण, नैर्ऋत्य, पश्चिम, वायव्य, उत्तर, ईशान्य: अष्टदिशा आपण म्हणतो त्या घड्याळाच्या दिशेनेच, प्रदक्षिणेच्या क्रमाने. शून्य पूर्वेला आणि फिरणं प्रदक्षिणेचं, म्हणजे नेमकी पडद्याच्या कोनाची पद्धत. गणिताचा धन कोन मात्र प्रदक्षिणेच्या उलटा. कागदावर काम करताना मी प्रत्येक कोनाशेजारी 'प्र' किंवा 'उ' लिहितो. चिन्हांपेक्षा हे अक्षर जास्त विश्वासाचं ठरलं आहे.

बदलाचं सूत्र: होकायंत्राची दिशा म्हणजे ९० वजा गणिती कोन. उत्तर ऋण आलं तर ३६० मिळवा. ९० वजा (उणे ८१) म्हणजे १७१, जुळलं. उलट जाताना सूत्र तेच राहतं, म्हणून ते पाठ करायला सोपं आहे.

एसव्हीजीत धन कोनाने वस्तू घड्याळाच्या दिशेने फिरते आणि होकायंत्रही त्याच दिशेने मोजतं. म्हणून होडीचं चित्र नाक वर, म्हणजे उत्तरेला, करून काढलं तर १७१ हा आकडा जसाच्या तसा द्यायचा. नाक उजवीकडे काढलेलं असेल तर ९० वजा करून ८१ द्यायचा. मी नाक उजवीकडे काढलं होतं आणि १७१ दिला होता. चित्र काढतानाच नाक वर ठेवलं की हा सगळा हिशेबच उरत नाही.

कोन काढायचं एटॅन-टू हे फलन बहुतेक प्रोग्रामिंग भाषांत आधी वाय आणि मग एक्स घेतं. एक्सेल आणि लिब्रेऑफिसमध्ये ते आधी एक्स, मग वाय घेतं. होकायंत्राची दिशा हवी असेल तर प्रोग्रामिंग भाषेत आधी पूर्वेचं अंतर आणि मग उत्तरेचं द्यायचं. एक्सेलमध्ये आधी उत्तरेचं, मग पूर्वेचं. एक्सेलमधून सूत्र उचलून कोडमध्ये चिकटवणाऱ्यांनी हे वहीत ठळक लिहून ठेवावं.

वाऱ्याचे बाण काढणार असाल तर एक वेगळाच पेच आहे. वाऱ्याचं नाव तो जिथून येतो त्या दिशेवरून पडतं. नैर्ऋत्य मोसमी वारा नैर्ऋत्येकडून येतो, होकायंत्राच्या २२५ अंशांवरून. नकाशावरचा बाण मात्र ईशान्येकडे, ४५ अंशांकडे, तोंड करून हवा. समुद्राच्या प्रवाहाची दिशा उलट सांगतात, पाणी जिकडे जातं ती. पावसाळ्यात आपल्या किनाऱ्यालगतचा प्रवाह दक्षिणेकडे जातो, तेव्हा त्याची दिशा १८० च्या आसपास लिहिली जाते आणि बाणही १८० कडेच. दोन्ही एकाच नकाशावर एकाच सूत्राने काढले तर त्यातलं एक नक्की उलटं येईल. दर्यावर जाणाऱ्याच्या हातात असा नकाशा द्यायचा नाही.

नकाशांच्या फाइलींचे तीन सापळे

बोलताना आपण आधी अक्षांश म्हणतो. लीफलेटसारखी नकाशाची साधनंही तसंच घेतात. जिओजेसन फाइलीत मात्र आधी रेखांश असतो, केएमएलमध्येही. रत्नागिरीचे आकडे उलटे गेले तर बिंदू ७३ अंश उत्तर, १७ अंश पूर्व इथे पडतो: नॉर्वेच्याही उत्तरेला, आर्क्टिकच्या पाण्यात. ठिपके नकाशावरून गायब झाले की नकाशा पूर्ण लहान करून आधी नॉर्वेच्या वर पाहा. गेल्या काही वर्षांत मला जेवढे "हरवलेले" ठिपके दाखवले गेले, त्यांतले बरेच तिथेच सापडले.

दुसरा सापळा फरशांचा. वेबवरचा नकाशा चौकोनी फरशांचा बनलेला असतो. एक पद्धत फरशा वरून मोजते, दुसरी खालून. दहाव्या पातळीवर दोन्ही दिशांना १०२४ फरशा असतात. रत्नागिरीची फरशी वरून मोजली तर स्तंभ ७२०, ओळ ४६२. खालून मोजली तर ओळ १०२३ वजा ४६२, म्हणजे ५६१. पद्धत चुकली तर दक्षिण गोलार्धात, विषुववृत्ताच्या पलीकडे तेवढ्याच अंतरावर, हिंदी महासागराची कोरी निळी फरशी येते. ऑफलाइन नकाशासाठी एमबीटाइल्स वापरता तेव्हा त्यात ओळी खालून मोजलेल्या असतात. नकाशा निळाशार कोरा दिसला की इंटरनेटला दोष देण्याआधी ही वजाबाकी करून बघा.

तिसरा मीटरमधल्या निर्देशकांचा. यूटीएम ही पद्धत पृथ्वीचे उभे पट्टे पाडून मीटरमध्ये निर्देशक देते. कोकण तिच्या ४३ उत्तर पट्ट्यात येतं. त्या पट्ट्याची मधली रेषा ७५ अंश रेखांशाची आणि तिला ५,००,००० मीटर हा आकडा दिलेला आहे. आपला अख्खा किनारा त्या रेषेच्या पश्चिमेला, म्हणून पूर्वेचा आकडा नेहमी पाच लाखांहून कमी येतो. रत्नागिरीचा साधारण ३,१९,००० आणि उत्तरेचा १८,७९,०००. समोर आलेल्या तक्त्यात पहिला आकडा अठरा लाखांचा असेल तर स्तंभ अदलाबदल झाले आहेत. ही तपासणी तोंडी करता येते, सॉफ्टवेअर लागत नाही.

खोली धन की ऋण?

सुधारलेला नकाशा पाहून तांडेलकाकांनी खोली मागितली, तीही वावात. एक वाव म्हणजे साधारण सहा फूट, १.८३ मीटरच्या आसपास. एककाचा प्रश्न गुणाकाराने सुटतो. चिन्हाचा तसा सुटत नाही.

समुद्राच्या तक्त्यावर खोली हा धन आकडा असतो, खाली जाताना वाढणारा. जमिनीच्या तक्त्यावर उंची धन असते, वर जाताना वाढणारी. दोन्ही एकाच थ्रीडी मॉडेलमध्ये ओतल्या की मालवणसमोरचा समुद्र डोंगर होऊन उभा राहतो. ते निदान दिसतं तरी, उणे चिन्ह टाकून सुधारता येतं. न दिसणारी गोष्ट शून्याची आहे. जमिनीची उंची सरासरी समुद्रपातळीपासून मोजतात. दर्यावर्दी तक्त्याचं शून्य मुद्दाम खालचं, मोठ्या ओहोटीच्या पातळीजवळचं घेतात, म्हणजे तक्त्यात लिहिलेल्यापेक्षा कमी पाणी सहसा मिळणार नाही. म्हणून नुसतं चिन्ह बदलून भागत नाही, दोन शून्यांमधला फरकही मिळवावा लागतो. तो बंदरागणिक वेगळा असतो आणि त्या त्या बंदराच्या भरती-ओहोटीच्या माहितीतून घ्यावा लागतो. तो नसेल तर जमीन आणि समुद्र यांची शिवण खडपांच्या पट्ट्यातच चुकते, आणि होडी आपटते ती तिथेच.

थ्रीडी: 'वर' म्हणजे नक्की कुठे?

कोकणात 'वर' या शब्दाचे दोन अर्थ आहेत. नकाशाच्या नजरेने उत्तर म्हणजे वर आणि सिंधुदुर्ग म्हणजे तळकोकण. पायाच्या नजरेने घाट चढणं म्हणजे वर जाणं. थ्रीडी सॉफ्टवेअरांचा मोठा तंटा हाच आहे. ज्यांनी कागद टेबलावर पसरलेला कल्पिला त्यांचे एक्स आणि वाय कागदावर आणि उंची झेडमध्ये: ब्लेंडर, थ्रीडीएस मॅक्स, अनरियल. ज्यांनी पडदा भिंतीसारखा उभा पाहिला त्यांची उंची वायमध्ये: माया, युनिटी, गोडो, जीएलटीएफ फाइली.

ब्लेंडरमधून जीएलटीएफमध्ये जाताना (एक्स, वाय, झेड) चं (एक्स, झेड, उणे वाय) होतं. ते उणे चिन्ह का, ते समजलं की निम्मं काम झालं. दोन अक्षांची नुसती अदलाबदल केली तर वस्तू आरशात जाते. एक अक्ष उलटवला तरी आरशात जाते. दोन्ही एकदम केलं की वस्तू फक्त वळते, बदलत नाही. मोजायचा नियम: अदलाबदली आणि उलटापालटी मिळून सम संख्या आली तर नुसतं वळणं, विषम आली तर आरसा.

वळणं आणि आरसा यांतला फरक मनात पक्का करायला देवघरात पाहावं. डाव्या सोंडेची गणेशमूर्ती कितीही फिरवली तरी उजव्या सोंडेची होत नाही. आरशात धरली की लगेच होते. शंखाचंही तसंच. त्यात एक गंमत आणखी आहे. शंख कुठल्या बाजूने वळलेला आहे हे फिरवून बदलत नाही, पण त्याला काय म्हणायचं ते तो कसा धरला त्यावर ठरतं. जीवशास्त्रज्ञ टोक वर धरून तोंड डावीकडे की उजवीकडे ते पाहतात, पूजेच्या परंपरेत तो उलट बाजूने धरून पाहतात. म्हणून आपण ज्या दुर्मीळ शंखाला दक्षिणावर्ती म्हणतो तो त्यांच्या वहीत डावा असतो. वस्तू एक, करार दोन.

थ्रीडीत या कराराला उजवा हात आणि डावा हात म्हणतात. अंगठा एक्स, तर्जनी वाय, मधलं बोट झेड. ब्लेंडर, माया, गोडो, जीएलटीएफ उजव्या हाताचे. युनिटी आणि अनरियल डाव्या हाताचे. उजव्यातून डाव्यात जाताना आरसा टळत नाही, म्हणून तो जाणूनबुजून, एकाच जागी करायचा आणि त्याची किंमत चुकवायची. ती किंमत म्हणजे प्रत्येक त्रिकोणाच्या तीन बिंदूंचा क्रम उलटवणं. वस्तूची बाहेरची बाजू कोणती हे ग्राफिक्स कार्ड त्या क्रमावरून ठरवतं. क्रम न उलटवल्यास बुरूज आतून बाहेर आल्यासारखा दिसतो, समोरची भिंत नाहीशी आणि मागच्या भिंतीची आतली बाजू समोर. हे दिसलं की प्रकाशात किंवा रंगात दोष शोधत बसू नका, तुम्ही आरसा एकदा जास्त किंवा एकदा कमी केला आहे. एकक मात्र वेगळं तपासा: ब्लेंडर आणि जीएलटीएफ मीटरमध्ये, अनरियल सेंटिमीटरमध्ये.

फोटोंवरून मॉडेल बनवताना कॅमेऱ्याचे अक्षही वेगळे भेटतात. ओपनसीव्हीत कॅमेऱ्याचा वाय खाली आणि झेड समोर. ओपनजीएल या ग्राफिक्सच्या प्रणालीत वाय वर आणि कॅमेरा उणे झेडकडे पाहतो. दोन अक्ष उलटतात, सम संख्या, म्हणजे दोन्ही उजवेच राहतात. फक्त वाय उलटवून थांबलात तर सगळा किल्ला आरशात जातो, आणि तटबंदीत अक्षर नसल्याने ते ओळखू येत नाही. फोटो काढायला जाल तेव्हा एका पाटीवर मोठं अक्षर लिहून ती एका कोपऱ्यात उभी ठेवा.

शेडर, म्हणजे ग्राफिक्स कार्डावर चालणारे छोटे प्रोग्राम, स्वतः लिहिणाऱ्यांनी एवढं लक्षात ठेवावं: ओपनजीएलमध्ये खोली उणे १ ते १ असते, डायरेक्टथ्रीडी, व्हल्कन आणि मेटलमध्ये ० ते १. व्हल्कनमध्ये पडद्याच्या चौकटीचा वाय खाली वाढतो, बाकी तिघांत वर.

शेवटी चिऱ्याची भिंत. जांभा दगडाला असंख्य खळगे असतात. ते खरे कोरण्याऐवजी मॉडेलवर निळसर रंगाचं एक चित्र चढवतात, ज्यातल्या रंगांवरून प्रकाश कुठे कसा पडेल ते ठरतं. या चित्राच्या हिरव्या रंगात वायची दिशा साठवलेली असते आणि तिचे दोन करार आहेत, ओपनजीएलचा आणि डायरेक्टएक्सचा. ब्लेंडर आणि युनिटी पहिला मानतात, अनरियल दुसरा. करार चुकला की जांभ्यातले खळगे पुटकुळ्यांसारखे वर येतात. डोळ्यांना आधी फक्त "काहीतरी बिनसलंय" एवढंच जाणवतं. अशा वेळी प्रकाशाचा एकच दिवा ठेवा, तो भिंतीच्या वरच्या बाजूला न्या आणि एका खळग्याकडे पाहा. खऱ्या खळग्यात वरची कड सावलीत असते आणि खालची कड उजळते. उलटं दिसलं तर चित्राचा हिरवा रंग उलटवा, मॉडेलला हात लावू नका. त्यानंतर दिवा उजवीकडे नेऊन पुन्हा पाहा. इथेही उलटं दिसलं तर दोष एकट्या हिरव्याचा नसून चित्राच्या दोन्ही दिशा उलटलेल्या आहेत, आणि मग कोपऱ्यातलं 'र' शोधायला लागायचं.